संशयित औषध

फॉर्मवर रुग्णाचं नाव लिहायचं नसतं.
आद्याक्षरं, वय, वजन, एवढंच.
मेडिकलच्या दुसऱ्या मजल्यावर
कूलरमध्ये सकाळची बादली ओतून मी बसते
आणि लोकांना औषधांनी काय केलं ते लिहिते.
वॉर्ड बावीस, खाट नऊ : सल्फा, ओठ सोलले.
फिटच्या गोळ्या : हिरड्या दातांवर चढल्या.
टीबीची एक मुलगी रडत आली, लघवी केशरी झाली म्हणून.
तिला म्हटलं, घाबरू नको, गोळीचा रंग आहे तो,
आणि केशरी असणं या गावात तरी दोष नव्हे.
हसली. तिचा फॉर्म भरला नाही.

आज लिहिते आहे : गु. ठ., सत्तेचाळीस, एकसष्ट किलो.
धंदा : पाट्या रंगवणे.
संशयित औषध : लिथियम, एकवीस वर्षं.

मिठाचं धाकटं भावंड हे.
रक्तात शून्य पॉइंट आठ असलं
तर माणूस रात्री झोपतो, सकाळी ब्रश धुतो,
बाजारातून मोजून भाजी आणतो.
दीडच्या पुढे गेलं की तोच हात
चहाच्या कपाला ऐकेनासा होतो.
मधलं अंतर केवढं?
नखाच्या कडेवर मावेल एवढं.

आणि मे महिना.
मानेवाडा रोडला शिडीवर, उघड्या उन्हात,
गुणवंत एका औषधी दुकानाची पाटी रंगवत होता.
अंगातलं मीठ घामावाटे गेलं
की मूत्रपिंड कावरंबावरं होतं,
हाताशी येईल ते मीठ समजून परत आत ओढतं.
हे मला माहीत होतं.
परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

तो म्हणाला, गुडघा धरला ना ताई.
पर्समधली गोळी मी दिली.
दोन वेळा, पाच दिवस.
विचारलं, जेवलास का?
पोटाचं विचारलं.
पोटाच्या खाली मागे दोन मूत्रपिंडं असतात,
त्यांची वाट ही गोळी अरुंद करते,
ते नाही विचारलं.

सहाव्या दिवशी फोन आला :
"ताई, 'औषधी'तला 'ध' काहून थरथरून राहिला?"

सोबत घेतलेली औषधं : आयब्युप्रोफेन.
कुणी दिलं, असा रकाना नाही.
त्या दिवशी सेहेचाळीस अंश होते, त्यालाही नाही.

औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का?
झाला. दोनदा डायलिसिस, मग हात हळूहळू शांत.
बाराव्या रात्री तो उठला
आणि अजनीच्या आमच्या गल्लीत
अठरा दारांवर अठरा नावं रंगवली,
कुणी सांगितलं नव्हतं,
एकही काना वाकडा नाही.
मेश्रामकाकू पहाटे सडा टाकायला आल्या
तर हा त्यांच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव लिहीत होता,
पिवळ्यात, लाल सावली देऊन.
काकूंनी आरडाओरडा केला नाही.
खुर्ची आणून दिली त्याला.
चार दिवस झोपला नाही.

हे कुठे लिहू?
रकान्यात एक ओळ मावते : "होय."

पुन्हा दिल्यावर त्रास परत आला का?
दिली. कमी डोस, दर आठवड्याला रक्त,
बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ,
उन्हाळ्यात शिडी बंद.
आला नाही. अजून तरी.
पण बारीक अक्षर आता तो घेत नाही,
दुकानदारांना म्हणतो, मोठं असेल तर सांगा.

कारणसंबंध :
निश्चित, संभाव्य, शक्य, असंभव, सांगता येत नाही.
पेन पहिल्यावरून दुसऱ्यावर,
दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर.
कूलर खडखडतो, पाणी संपलं असेल.

शेवटी, खाली, कळवणाऱ्याचं नाव.
इथे आद्याक्षरं चालत नाहीत.
मी पूर्ण लिहिते : सुलोचना ठवरे.
शेजारच्या टेबलावरून निखाडे वाकून बघतो,
आडनाव वाचतो,
आणि बादली उचलून पाणी आणायला जातो.